बँकेचा आयपीओ: आधी मिंट रोड, मग बीकेसी, शेवटी दलाल स्ट्रीट

बँक शेअर बाजारात आणायची ठरली की पहिला फोन मर्चंट बँकरला, म्हणजे शेअरविक्री सांभाळणाऱ्या संस्थेला, जातो. चूक तिथूनच सुरू होते. कारखान्याच्या आणि बँकेच्या आयपीओचे (जनतेला पहिल्यांदा शेअर विकण्याचे) बीकेसीतल्या सेबीकडचे, म्हणजे बाजार नियामकाकडचे, कागद वरवर सारखेच दिसतात, पण बँकेच्या डोक्यावर आणखी एक धनी असतो: मिंट रोडवरची रिझर्व्ह बँक. प्रवर्तकाने किती शेअर विकायचे, कोणी किती घ्यायचे, बाजारात केव्हापर्यंत उतरायचे, यांतली अर्धी उत्तरे परवान्याच्या पत्रातच लिहिलेली असतात. ते पत्र न वाचता आखलेले वेळापत्रक पुढे हमखास कोसळते, आणि तेही सगळ्या सल्लागारांचे मीटर चालू झाल्यावर.

हे टिपण लघु वित्त बँका, नव्या खासगी बँका आणि कंपनी होऊ पाहणाऱ्या नागरी सहकारी बँकांच्या सचिव, वित्त व अनुपालन विभागांसाठी आहे. सरकारी बँकांचा कायदा वेगळा आहे, तिथे सरकारचा हिस्सा ५१ टक्क्यांखाली नेता येत नाही. तो मार्ग इथे घेतलेला नाही. तयारीला नऊ महिने ते वर्ष धरा. चार महिन्यांत होईल म्हणणारा सल्लागार फक्त सेबीकडचा वेळ मोजत असतो.

टप्पा ०: तुमची बँक कंपनी आहे का?

मुंबईत हा प्रश्न आधी विचारावाच लागतो. दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे इथल्या घराघरांत सहकारी बँकेचे शेअर सर्टिफिकेट असते, आणि ‘आमची बँक लिस्ट झाली तर या शेअरचे किती होतील?’ हा प्रश्न वार्षिक सभेत ठरलेला. सहकारी बँकेत एक सभासद, एक मत असते, आणि तो शेअर दलाल स्ट्रीटवर विकता येत नाही. आधी बँकेला कंपनी व्हावे लागते.

त्यासाठी रिझर्व्ह बँकेची सप्टेंबर २०१८ ची ऐच्छिक रूपांतर योजना आहे. किमान ५० कोटी रुपये नक्त मूल्य (भांडवल आणि राखीव निधी मिळून) आणि किमान ९ टक्के भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या तुलनेत भांडवल) असलेली नागरी सहकारी बँक लघु वित्त बँक होण्यासाठी अर्ज करू शकते. प्रवर्तकांनी कंपनी स्थापन करायची आणि बँकेची मालमत्ता, देणी तिच्याकडे वर्ग करायची. २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा बँकेला सुरुवातीला १०० कोटी रुपये भांडवल चालते, पण पाच वर्षांत ते २०० कोटींवर न्यावे लागते. उत्तर प्रदेशातली शिवालिक मर्कंटाइल सहकारी बँक २०२१ मध्ये याच मार्गाने लघु वित्त बँक झाली.

सावधान: रूपांतर म्हणजे आयपीओ नव्हे. ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि मध्ये काही वर्षे जातात. सभासदांना सभेत भाव सांगू नका.

टप्पा १: परवान्याचे पत्र काढा, तारखा मांडा

परवान्याची तत्त्वे वेळोवेळी बदलली. तुम्हाला लागू होतात ती तुमच्या पत्रातली, शेजारच्या बँकेची नव्हेत.

२०१३ च्या तत्त्वांखालच्या बँकांना व्यवसाय सुरू झाल्यापासून तीन वर्षांत शेअर बाजारात नोंदणी (लिस्टिंग) करायची होती. २०१६ च्या ‘ऑन टॅप’ (परवान्यासाठी केव्हाही अर्ज करता येणाऱ्या) तत्त्वांनी युनिव्हर्सल, म्हणजे सर्व प्रकारचे बँकिंग करणाऱ्या, बँकांना सहा वर्षे दिली. लघु वित्त बँकांचे घड्याळ मात्र व्यवसाय सुरू होण्याशी बांधलेले नाही. नक्त मूल्य ५०० कोटी रुपयांना पोहोचले की तिथून तीन वर्षे. इथेच गफलत होते. एखाद्या गुंतवणूकदाराने पैसे घातले आणि नक्त मूल्य एका रात्रीत ४३० वरून ५१० कोटींवर गेले, तर घड्याळ त्या दिवशी सुरू होते. ते कोणाच्या लक्षात येते ते वार्षिक ताळेबंदाच्या वेळी, आणि तोवर काही महिने गेलेले असतात.

दुसरी गफलत: ‘आमची होल्डिंग कंपनी आधीच लिस्टेड आहे, मग बँकेचे काय?’ चालत नाही. इक्विटास लघु वित्त बँकेची होल्डिंग कंपनी, म्हणजे बँकेचे शेअर धरणारी मूळ कंपनी, २०१६ पासून बाजारात होती. बँकेची स्वतःची नोंदणी मुदतीत झाली नाही म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या शाखा थांबवल्या आणि व्यवस्थापकीय संचालकांचे वेतन गोठवले. बँक बाजारात आली ती नोव्हेंबर २०२० मध्ये.

तपासा: पत्रातली प्रत्येक अट, तिची मुदत आणि आजची स्थिती असा तीन रकान्यांचा तक्ता करा. तो संचालक मंडळापुढे ठेवल्याशिवाय मर्चंट बँकर नेमू नका.

टप्पा २: भांडवलाचे गणित

सगळ्यांत जास्त बैठका इथेच वाया जातात, म्हणून उदाहरण घेऊन सावकाश बघू.

समजा, एका लघु वित्त बँकेचे १० रुपये दर्शनी मूल्याचे ४० कोटी शेअर आहेत. प्रवर्तकांकडे २४ कोटी, म्हणजे ६० टक्के. नक्त मूल्य २,४०० कोटी, म्हणजे शेअरमागे ६० रुपये. ८० रुपयांना ८ कोटी नवे शेअर विकले तर ६४० कोटी येतात. इश्यूनंतर एकूण ४८ कोटी शेअर होतात आणि बाजारमूल्य ३,८४० कोटी.

पहिला ताळा, किमान सार्वजनिक विक्रीचा. इश्यूनंतरचे बाजारमूल्य १,६०० कोटींपर्यंत असेल तर किमान २५ टक्के शेअर जनतेला द्यायचे. १,६०० ते ४,००० कोटींच्या दरम्यान किमान ४०० कोटींचे. ४,००० कोटींपुढे १० टक्के, आणि अतिविशाल कंपन्यांना त्याहून कमी. आपल्या उदाहरणात ४०० कोटी लागतात, ६४० आहेत. पास.

दुसरा ताळा प्रवर्तकांच्या विक्रीचा, आणि खरी मेख इथे आहे. ऑन टॅप परवान्यांत प्रवर्तकांचा किमान ४० टक्के हिस्सा व्यवसाय सुरू झाल्यापासून पाच वर्षे गोठलेला असतो. बँक अजून या पाच वर्षांत आहे असे धरा. वित्त विभाग गणित करतो: ४० कोटींचे ४० टक्के म्हणजे १६ कोटी, आपल्याकडे २४ कोटी, म्हणजे ८ कोटी विकायला मोकळे. चूक! टक्का इश्यूनंतरच्या भांडवलावर मोजायचा. ४८ कोटींचे ४० टक्के म्हणजे १९.२ कोटी, म्हणून विकता येतात जास्तीत जास्त ४.८ कोटी. ८ कोटी विकले असते तर प्रवर्तक १६ कोटींवर, म्हणजे ३३.३ टक्क्यांवर आले असते. सेबीकडे माहितीपत्रकाचा मसुदा दाखल झाल्यावर ही चूक सापडली तर इश्यूचा आकारच बदलतो, आणि विक्रीचा भाग ठरावीक प्रमाणाबाहेर बदलला की मसुदा नव्याने दाखल करावा लागतो.

४.८ कोटी पूर्णच्या पूर्णही विकू नका. कर्मचाऱ्यांना दिलेले ६० लाख स्टॉक ऑप्शन (ठरल्या किमतीला शेअर घेण्याचे हक्क) पुढे वटले की शेअर होतात ४८.६ कोटी आणि ४० टक्के होतात १९.४४ कोटी. २४ लाख शेअर कमी पडले.

तिसरा ताळा सेबीच्या कुलपाचा. प्रवर्तकांकडच्या शेअरपैकी इश्यूनंतरच्या भांडवलाच्या २० टक्के, म्हणजे इथे ९.६ कोटी शेअर, १८ महिने विकता येत नाहीत. प्रवर्तकांचे उरलेले सहा महिने. गेल्या वर्षभरात इश्यूच्या किमतीहून स्वस्तात घेतलेले आणि तारण ठेवलेले शेअर या २० टक्क्यांत धरता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेचे कुलूप आणि सेबीचे कुलूप वेगवेगळे असते, जे उशिरा उघडेल ते खरे.

चौथा, पाच टक्क्यांचा. बँकेचे ५ टक्के किंवा अधिक शेअर वा मतदानाचा हक्क घ्यायचा तर बँकिंग नियमन कायद्याच्या कलम १२ ब प्रमाणे रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. नातेवाईक, सहयोगी संस्था, एकत्र मिळून वागणारे, सगळ्यांचे शेअर एकत्र मोजतात. उदाहरणात ५ टक्के म्हणजे २.४ कोटी शेअर, ८० रुपयांनी १९२ कोटी. मोठ्या फंडाला ही रक्कम फार नाही, म्हणून ही शक्यता कागदावरची समजू नका. परकीय गुंतवणुकीची ७४ टक्क्यांची कमाल मर्यादाही याच तक्त्यात मांडा.

तपासा: तक्त्यात चार रकाने हवेत: आज, नव्या शेअरनंतर, प्रवर्तकांच्या विक्रीनंतर, सर्व स्टॉक ऑप्शन वटल्यावर. चारही ठिकाणी सगळ्या अटी पाळल्या जात असतील तरच पुढे.

टप्पा ३: भागधारकांचे रजिस्टर

जुन्या बँकांचे पाणी इथे मुरते. वारसांच्या नावावर न झालेले शेअर, हरवलेली सर्टिफिकेटे, दुरुस्त न केलेली स्पेलिंगे. ती एकेक करून निस्तरावी लागतात, आडवाट नाही.

मसुद्याआधी उरकायची कामे: प्रवर्तकांचे सगळे शेअर डीमॅट; अर्धवट भरणा झालेले शेअर पूर्ण भरून घेणे किंवा जप्त करणे; एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन्ही डिपॉझिटरींशी करार. परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर रेड हेरिंग प्रॉस्पेक्टसआधी, म्हणजे अंतिम किंमत न घातलेल्या माहितीपत्रकाआधी, साध्या शेअरमध्ये बदललेले असावेत. आयपीओत शेअर विकणाऱ्या जुन्या गुंतवणूकदाराने ते मसुद्याआधी किमान एक वर्ष धरलेले असावेत. खासगी इक्विटी फंडांना दिलेले विशेष अधिकार, म्हणजे संचालक नेमण्याचा, नकार देण्याचा हक्क वगैरे, केव्हा संपतील हे लेखी ठरवून घ्या. फंडाचे वकील या एका कलमावर महिना घेतात.

सावधान: जुनी प्रत्येक शेअरवाटप यादी उघडा आणि माणसे मोजा. कंपनी कायदा २०१३ मध्ये खासगी वाटपाची मर्यादा वर्षाला २०० जण आहे, १९५६ च्या कायद्यात ती ४९ होती. ती ओलांडली असेल तर ते वाटप बेकायदा सार्वजनिक विक्री ठरते. वीस वर्षांपूर्वीचे असले तरी आधी त्याचा निपटारा करून मगच पुढे जावे लागते.

टप्पा ४: तीन वर्षांचे हिशेब

मसुद्यात तीन पूर्ण वर्षांचे आणि लागल्यास चालू वर्षातल्या काही महिन्यांचे पुनर्मांडणी केलेले हिशेब लागतात. बँकेच्या बाबतीत तीन ठिकाणी गाडे अडते.

एक, लेखापरीक्षक. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमाने वैधानिक लेखापरीक्षकांना सलग तीनच वर्षे मिळतात, आणि मालमत्ता १५,००० कोटींची किंवा त्याहून अधिक असेल तर किमान दोन संयुक्त परीक्षक लागतात. म्हणजे तीन वर्षांचे हिशेब दोन वेगळ्या फर्मनी तपासलेले असण्याची शक्यता मोठी. जुन्या फर्मकडून कागद आणि संमती मिळवायचे काम, ती फर्म जाताना करा. दोन वर्षांनी विचाराल तर तिथला भागीदार बदललेला असतो. नव्या फर्मचे पीअर रिव्ह्यू (दुसऱ्या लेखापालांनी केलेल्या कामाच्या तपासणीचे) प्रमाणपत्र चालू आहे ना, हेही तेव्हाच बघा.

दोन, लेखापद्धत. रिझर्व्ह बँकेने इंड-एएस (नवी भारतीय लेखामानके) पुढे ढकलले असल्याने बँका जुन्या भारतीय लेखामानकांवर आहेत. मूळ बिगरबँकिंग कंपनी किंवा होल्डिंग कंपनी मात्र इंड-एएसवर असू शकते. मग समूहाच्या सादरीकरणातला नफा एक आणि बँकेच्या मसुद्यातला दुसरा. विश्लेषक पहिल्या बैठकीत हाच प्रश्न विचारतो.

तीन, थकीत कर्जे. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत थकीत कर्जे वा तरतुदी तुमच्या आकड्यांहून ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त निघाल्या असतील तर ती तफावत हिशेबाच्या टिपांत यावीच लागते. तपासणी अहवाल मात्र गोपनीय असतो. सल्लागारांच्या डेटा रूममध्ये तो थेट टाकू नका. कोणाला काय दाखवायचे हे रिझर्व्ह बँकेला लेखी विचारून ठरवा.

इथेच पात्रतेचा मार्गही ठरतो. निव्वळ मूर्त मालमत्ता, सरासरी १५ कोटी कार्यचालन नफा आणि नक्त मूल्य या तीन वर्षांच्या कसोट्या पूर्ण होत असतील तर किरकोळ गुंतवणूकदारांना किमान ३५ टक्के, मोठ्या वैयक्तिक व कंपनी अर्जदारांना किमान १५ टक्के आणि संस्थांना कमाल ५० टक्के. कसोटी हुकली तर किमान ७५ टक्के संस्थांना द्यावे लागतात आणि किरकोळांना उरतात जास्तीत जास्त १०. तीन पूर्ण वर्षे न झालेली बँक आपोआप दुसऱ्या मार्गावर जाते. खातेदारांच्या जिवावर इश्यू भरेल असे गृहीत धरलेल्या मंडळाला हे आधी सांगा.

टप्पा ५: संचालक मंडळ

तीन नियमपुस्तके एकाच टेबलावर ठेवा. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम १० अ ने किमान ५१ टक्के संचालक बँकिंग, लेखा, कायदा, शेती, सहकार अशा विषयांतले जाणकार हवेत. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२१ च्या परिपत्रकाने अध्यक्ष स्वतंत्र संचालक हवा आणि लेखापरीक्षण समितीत फक्त बिगरकार्यकारी संचालक हवेत. सेबीच्या नोंदणी नियमांत स्वतंत्र संचालकांचे प्रमाण वेगळे. तिन्ही पाळणारी यादी बनवायला वेळ लागतो.

व्यवस्थापकीय संचालकांची मंजूर मुदत नोंदणीनंतर चार-सहा महिन्यांत संपत असेल तर फेरनियुक्तीची मंजुरी आधी आणा. ‘कॅप्टन राहणार का?’ हे ठाऊक नसताना कोणी मोठा फंड पैसे लावत नाही.

टप्पा ६: मसुदा, म्हणजे डीआरएचपी (ड्राफ्ट रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस)

मर्चंट बँकर, दोन्ही बाजूंचे वकील, रजिस्ट्रार, जाहिरात एजन्सी नेमली की मसुद्याचे काम सुरू होते. तो वकील लिहितात हा गैरसमज आहे. मांडणी त्यांची असते, आकडे तुमच्याच लोकांना द्यावे लागतात.

यातले खरे कष्टाचे काम बाहेर दिसत नाही. मसुद्याची छापील प्रत घेऊन प्रत्येक आकड्याभोवती वर्तुळ काढले जाते आणि शेजारी क्रमांक घातला जातो. त्या क्रमांकाचा पुरावा फाइलमध्ये हवा. ‘३१ मार्च रोजी एकूण थकीत कर्जे २.४७ टक्के’ या एका ओळीमागे प्रणालीतला उतारा, लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र आणि रिझर्व्ह बँकेला पाठवलेले विवरणपत्र, असे तीन कागद लागतात. तिन्हींत २.४७ च हवे. एकात २.५, दुसऱ्यात २.४७, तिसऱ्यात २.४६ असेल तर लेखापरीक्षक त्या वर्तुळावर सही करत नाही. शाखांची संख्या तर हमखास चुकते. एका पानावर बँकिंग आउटलेट मोजलेले असतात, दुसऱ्यावर शाखा, तिसऱ्यावर बिझनेस करस्पाँडंट (बँकेचे बाहेरचे प्रतिनिधी) धरून. व्याख्या पहिल्याच आठवड्यात ठरवून लेखी फिरवा. ‘ग्राहक’ म्हणजे खाती की माणसे, हेसुद्धा.

पैशांचा वापर लिहिताना बँकेला एक सवलत आहे. ‘टियर १ भांडवल (बँकेचे मुख्य भांडवल) वाढवणे’ हा उद्देश पुरतो, आणि १०० कोटींहून मोठ्या इश्यूला लागणारी देखरेख संस्था बँकांना लागत नाही. पण म्हणून दोन ओळींत उरकू नका. भांडवल पर्याप्तता आज किती, कर्जवाढीच्या वेगाने ते किती काळ पुरेल, हे मांडा. लघु वित्त बँकेला किमान १५ टक्के ठेवावे लागते. आजच २२ टक्के असेल तर नवे पैसे कशाला, याचे उत्तर तयार हवे. खरे उत्तर ‘परवान्याची अट’ हे असेल तर तसेच लिहावे.

दलालीचेही बघा. शेअरविक्रीवर द्यायच्या कमिशन, दलालीला बँकिंग नियमन कायद्याच्या कलम १३ ने अडीच टक्क्यांची मर्यादा आहे. मर्चंट बँकरच्या नमुना करारात ती नसते.

टप्पा ७: सेबी आणि दोन्ही एक्सचेंज

मसुदा सेबी, बीएसई आणि एनएसई तिघांकडे जातो. दाखल केल्यावर दोन दिवसांत इंग्रजी, हिंदी आणि नोंदणीकृत कार्यालयाच्या ठिकाणच्या भाषेतल्या दैनिकात जाहीर सूचना द्यायची, म्हणजे मुंबईच्या बँकेला मराठीत. जनतेला सूचना-हरकतींसाठी किमान २१ दिवस मिळतात.

‘सेबी ३० दिवसांत मंजुरी देते’ या वाक्यात दोन चुका आहेत. सेबी मंजुरी देत नाही, निरीक्षणे देते. आणि ३० दिवस शेवटच्या समाधानकारक उत्तरापासून मोजतात. सेबी दुसऱ्या नियामकाकडून स्पष्टीकरण मागवू शकते, तो वेळही वाढतो. उत्तर अर्धवट दिले की घड्याळ पुन्हा शून्यावर.

निरीक्षणांनंतर इश्यू उघडायला १२ महिने असतात. खरी मर्यादा मात्र आकड्यांच्या शिळेपणाची. हिशेब सहा महिन्यांहून जुने चालत नाहीत, आणि परदेशी संस्थांना विकायचे तर लेखापरीक्षकांचे दिलासापत्र (आकडे पडताळल्याचे ‘कम्फर्ट लेटर’) साधारण १३५ दिवसांच्या आतच मिळते. ३० सप्टेंबरचे आकडे असतील तर सेबीच्या हिशेबाने मार्चअखेरपर्यंत वेळ आहे, पण १३५ दिवस फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच संपतात. हे कळेपर्यंत रोड शोची, म्हणजे गुंतवणूकदारांना भेटायच्या दौऱ्याची, तिकिटे काढलेली असतात.

टप्पा ८: शाखांनी तोंड बंद ठेवणे

बँकेचा गल्ला रोज उघडा असतो, तिथे रोज शेकडो लोक येतात. म्हणून हा धोका इतर कंपन्यांहून मोठा. ठेवींच्या नेहमीच्या जाहिराती चालतात. ‘बाजारात दमदार पाऊल’ अशी नवी ओळ घातलेली जाहिरात चालत नाही. मुलाखतीत नफ्याचा अंदाज सांगितला, तर मसुद्यात नसलेला तो आकडा कुठून आला याचा खुलासा द्यावा लागतो.

शाखांना एक पानी मराठी सूचनापत्र पाठवा. त्यात हे हवेच: खातेदाराला ‘एफडी मोडून भरा’ म्हणू नये; भाव वर जाईल असे बोलू नये; खातेदाराचा अर्ज आपण भरू नये; आणि आपल्याच बँकेच्या शेअरच्या तारणावर कर्ज देऊ नये, ते कलम २० ने बंद आहे. टार्गेट लावण्याची सवय असलेला विभागीय व्यवस्थापक इथे सगळ्यांत धोकादायक.

टप्पा ९: किंमत आणि प्रॉस्पेक्टस

बँकेची किंमत मुख्यतः पुस्तकी मूल्याच्या पटीत बोलतात. आपल्या उदाहरणात ८० रुपये म्हणजे इश्यूआधीच्या ६० रुपयांच्या १.३३ पट. इश्यूनंतर नक्त मूल्य ३,०४० कोटी आणि शेअर ४८ कोटी, म्हणजे ६३.३३ रुपये, आणि पट १.२६. तुलनेच्या तक्त्यात स्वतःची इश्यूनंतरची आणि इतरांची आजची पट ठेवली की बँक स्वस्त भासते. दोन्ही दाखवा.

किंमतपट्ट्याची वरची किंमत खालच्या किमतीच्या किमान १०५ आणि कमाल १२० टक्के हवी. ७६ ते ८० बसतो. ७७ ते ८० बसत नाही, कारण ७७ चे १०५ टक्के ८०.८५ होतात. लॉट (एका अर्जातल्या शेअरचा किमान गठ्ठा) १०,००० ते १५,००० रुपयांत हवा: १८५ शेअर, ८० ने १४,८०० रुपये.

रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस कंपनी निबंधकाकडे इश्यू उघडण्याच्या किमान तीन दिवस आधी, आणि किंमतपट्ट्याची जाहिरात किमान दोन कामकाजाचे दिवस आधी. मराठी जाहिरातीचा अनुवाद बहुधा रात्री अकराला होतो आणि मंडळातले कोणी वाचत नाही. ‘निव्वळ’ आणि ‘एकूण’ थकीत कर्जांची अदलाबदल, लाख-कोटीची चूक, दशांशचिन्ह गायब, हे प्रकार तिथेच घडतात. मराठी वाचणारा वित्त विभागातला एक माणूस त्या रात्री जागा ठेवा.

टप्पा १०: तीन दिवस आणि पुढचे तीन दिवस

इश्यूच्या आदल्या कामकाजाच्या दिवशी अँकर गुंतवणूकदार, म्हणजे आधीच पैसे लावणाऱ्या मोठ्या संस्था. त्यांचे निम्मे शेअर ३० दिवस आणि निम्मे ९० दिवस बंद. मग इश्यू किमान तीन कामकाजाचे दिवस उघडा. किरकोळ अर्जाची मर्यादा २ लाख, म्हणजे आपल्या लॉटने १३ लॉट, १,९२,४०० रुपये. यूपीआयने ५ लाखांपर्यंत. एकूण ९० टक्के भरणा झाला नाही तर पैसे परत.

अर्ज बाद होण्याची कारणे ठरलेली: मुलाच्या नावाचा अर्ज वडिलांच्या खात्यातून, एकाच पॅनवर दोन अर्ज, आणि यूपीआयचा मँडेट (खात्यात पैसे रोखायची परवानगी) शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मंजूर न करणे. शेवटचे कारण सर्वांत मोठे.

इश्यू बंद झाल्यावर पहिल्या कामकाजाच्या दिवशी वाटप ठरते, दुसऱ्या दिवशी शेअर डीमॅटमध्ये जातात आणि न मिळालेल्यांचे पैसे मोकळे होतात, तिसऱ्या दिवशी व्यवहार सुरू. डिसेंबर २०२३ पासून ही मुदत सक्तीची आहे. वाटपाच्या दिवशी रजिस्ट्रारकडे तुमचा माणूस बसलेला हवा. त्याने एकच गोष्ट बघायची: जुने आणि नवे शेअर मिळून कोणी, सहयोगींसह, ५ टक्क्यांना टेकतो का आणि टेकत असेल तर रिझर्व्ह बँकेचे पत्र अर्जासोबत आहे का. पत्र नसेल तर वाटप ५ टक्क्यांच्या खाली थांबवायचे.

इश्यू २५० कोटींहून लहान असेल तर पहिले १० दिवस ट्रेड-फॉर-ट्रेड असतात, म्हणजे आज घेऊन आजच विकता येत नाही. खातेदारांचे फोन येतात, तेव्हा शाखेला हे आधीच माहीत असावे.

टप्पा ११: घंटा वाजल्यानंतरचा पहिला महिना

घंटेच्या फोटोतून बाहेर येईपर्यंत पहिल्या तिमाही निकालाची तारीख अंगावर आलेली असते. तिमाही निकाल ४५ दिवसांत, वार्षिक ६० दिवसांत. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत आतल्या माणसांना शेअरचे व्यवहार बंद. शाखा व्यवस्थापकाच्या पत्नीचे डीमॅट खातेही यात येऊ शकते, त्यामुळे यादी मनुष्यबळ विभागाकडून आधीच घ्या.

आणि बँकेपुरती खास गोष्ट: रिझर्व्ह बँकेचा अंतिम जोखीम मूल्यांकन अहवाल आला आणि त्यातली थकीत कर्जांची वा तरतुदींची तफावत ठरावीक मर्यादेपलीकडे असली, तर ती एक्सचेंजला २४ तासांत कळवावी लागते. पूर्वी हा लिफाफा अनुपालन विभागात पोहोचायला आठवडा लागायचा. तो कोणाच्या टेबलावर येईल, सुट्टीच्या दिवशी कोण उघडेल आणि एक्सचेंजच्या पोर्टलचा पासवर्ड कोणाकडे असेल, हे व्यवहार सुरू होण्याआधी नावांसकट लिहून ठेवा.